न दिसलेली ओळ

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जेवणाच्या टेबलाशी बसून कागद फाडत होत्या. एक पान बाहेर काढायचं, त्याच्या जागी दुसरं घालायचं, जुन्याचे उभे-आडवे चार तुकडे करायचे आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकायचे. मी दारात उभा आहे हे कळूनही त्यांनी हातातली यादी संपेपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "बसा. मध्येच बोलले की घोळ होतो."

त्यांचे यजमान आमच्या कंपनीत कॅप्टन होते. शिस्तीमुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी नवा को-पायलट. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून शिकणारा.

तेव्हा टॅब आलेले नव्हते. प्रत्येक वैमानिकाची एक चौकोनी काळी बॅग असे आणि तिच्यात जाडजूड रिंगांच्या फायली. कुठल्या विमानतळावर कुठून उतरायचं, किती उंचीपर्यंत खाली यायचं, डोंगर कुठे, मनोरा कुठे, हे सगळं त्यातल्या पातळ पानांवर बारीक अक्षरात छापलेलं. जग काही स्थिर राहत नाही. कुठे धावपट्टी वाढते, कुठे इमारत उभी राहते. म्हणून दर पंधरा दिवसांनी एक पाकीट यायचं. त्यात बदललेली पानं आणि एक यादी: हे काढा, हे घाला, हे नष्ट करा. काम डोकं लावायचं नव्हतं, पण डोकं उठवणारं होतं. आम्ही पोरं ते टाळायचो. पाकिटं बॅगेच्या तळाशी साठायची आणि तपासणीची कुणकुण लागली की आम्ही सगळे एका खोलीत बसून रिंगा उघडझाप करायचो.

मास्तरांची फाईल मात्र कंपनीत नावाजलेली. शंका आली की लोक स्वतःचं पान उघडण्याऐवजी म्हणायचे, "मास्तरांच्या फायलीत बघा." ती फाईल काकूंच्या हातची होती. लग्नाआधी त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत. मास्तरांच्या बदल्यांपायी ती नोकरी सुटली, पण नजर सुटली नाही. सव्वीस वर्षं दर दुसऱ्या रविवारी त्या टेबलाशी बसल्या. विमानात फारशा कधी बसल्या नव्हत्या, पण कुठल्या विमानतळाला धावपट्टीच्या तोंडाशी पाण्याची टाकी आहे हे त्यांना पाठ होतं. मास्तर चेष्टेने म्हणायचे, "मी नुसता हाकतो. उतरवते ही."

"हो, आणि पगार तुम्हाला," काकू म्हणायच्या.

हळूहळू मी त्या घरातला झालो. काकू मला अरे-तुरे करू लागल्या. त्या काळात घरात एक विनोद रुळला होता: काकूंचा वेंधळेपणा. डाव्या हाताला ठेवलेला कप हमखास लवंडायचा. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. जिन्यावरची शेवटची पायरी त्या दोनदा चुकल्या. मास्तर म्हणायचे, "हिच्यासाठी घरातच धोक्याचे दिवे लावायला हवेत." आम्ही हसायचो. काकूही हसायच्या. हसत हसत टेबलावरचा दिवा त्यांनी जवळ ओढून घेतला होता आणि साठ वॅटचा मिळतो का, पंच्याहत्तरचा मिळतो का, असं विचारून शेवटी शंभराचा दिवा आणवला होता. त्याचं कारण आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी आम्ही डोंगरातल्या एका लहान विमानतळावर उतरत होतो. एकशे बारा प्रवासी. ढग खाली आलेले, बाहेर पांढऱ्याशिवाय काही नाही. विमान मास्तरांच्या हातात होतं. उतरण्याआधी दोघांनी आपापल्या फायलीतलं पान उघडून एकमेकांना वाचून दाखवायचं असा नियम. एकाचं चुकलं तर दुसऱ्याच्या पानात सापडावं, एवढ्यासाठीच दोन फायली. मी माझी उघडली नाही. माझ्या बॅगेत तीन पाकिटं न फोडलेली पडली होती आणि शेजारी मास्तरांचं पान स्वच्छ, नीटस, क्लिपला लावलेलं होतं. मी तेच वाचलं.

"दोन हजार आठशे फुटांपर्यंत," मी म्हणालो.

"दोन हजार आठशे," मास्तर म्हणाले.

तीन हजारांच्या खाली आलो आणि कॉकपिटमधलं यंत्र ओरडायला लागलं: "पुल अप! पुल अप!" मास्तरांनी क्षणाचाही विचार केला नाही. इंजिनं पूर्ण ताकदीने सोडली आणि विमानाचं नाक वर खेचलं. ढगाला एक भोक पडलं होतं. त्यातून माझ्या बाजूने एक लोखंडी मनोरा खाली गेला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. पट्ट्यांवरचा गंज दिसला, इतका जवळ. मागून कोणाचं तरी मूल रडल्याचा आवाज बंद दारातूनही ऐकू आला.

आम्ही दुसऱ्या विमानतळावर उतरलो. चाकं टेकल्यावर मास्तरांनी क्लिपचं पान काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि कोपऱ्यातली तारीख वाचली. डोंगरावर नवा मनोरा उभा राहिला होता आणि उंची तीन हजार दोनशे चाळीस झाली होती. नवं पान पाच आठवड्यांपूर्वीच्या पाकिटात आलं होतं. फायलीत मात्र जुनंच होतं.

"हे कसं झालं?" ते एवढंच म्हणाले. मला नाही, पानाला.

चौकशीचे दोन अधिकारी येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं. मास्तर दूरध्वनीवर होते. मी कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिगृहात गेलो, दार लोटलं, बॅग उघडली आणि ती तीन पाकिटं फोडली. साठेक पानं होती, त्यांत डोंगरातल्या विमानतळाचं ते नवं पानही. चाळीस मिनिटांत मी सगळी घातली आणि जुनी चुरगाळून बेसिनखालच्या कचऱ्याच्या डब्यात दाबली, वर हात पुसायचे कागद टाकले. शेवटची रिंग मिटतोय तोच मास्तर तोंड धुवायला आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या फायलीकडे पाहिलं. मग नळ सोडला, तोंड धुतलं आणि बाहेर गेले.

अधिकाऱ्यांनी दोन्ही फायली मागितल्या. माझी अद्ययावत निघाली. 'को-पायलटने स्वतःचं पान न उघडण्याची चूक केली' एवढी माझी नोंद झाली. मास्तरांना विचारलं, "पानं कोण बदलतं?"

"मी," मास्तर म्हणाले.

पुढचं मला मास्तरांनी नंतर सांगितलं. ते घरी गेले आणि त्यांनी काकूंना एक अक्षर सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी कंपनीचा माणूस जुन्या याद्या न्यायला आला आणि काय घडलं ते काकूंना त्याच्याकडून कळलं. काकूंनी त्या सगळ्या जपून ठेवल्या होत्या. त्या देण्याआधी पाच आठवड्यांपूर्वीची यादी घेऊन त्या शंभराच्या दिव्याखाली बसल्या. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. प्रत्येक ओळीपुढे त्यांची पेन्सिलची खूण होती. एका ओळीपुढे नव्हती. नव्या पानाचं काय झालं तेही मग त्यांच्या लक्षात आलं: यादी संपल्यावर एक पान हातात उरलं होतं आणि ते जास्तीचं आलंय असं समजून त्यांनी फाडलं होतं.

संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, ही ओळ माझी वाचायची राहिली नाही. ही मला दिसलीच नाही. आत्तासुद्धा कागद सरकवला तेव्हा दिसली."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, आत कुठे दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून बटणाचा आवाज ऐकत होते. "मध्ये मध्ये इतका वेळ आवाजच येत नव्हता," ते मला म्हणाले, "मला वाटलं यंत्र बंद पडलं."

काचबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याच्या कडा गेलेल्या, मध्ये थोडी जागा शिल्लक. डॉक्टर म्हणाले, "गेलं ते येणार नाही. उरलंय ते धरून ठेवायचा प्रयत्न करू." आणि विचारलं, "इतके दिवस काही जाणवलं नाही?"

काकू म्हणाल्या, "जाणवलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हटलं."

ते खोटं होतं, असं मास्तर म्हणाले. त्या घाबरल्या होत्या. रविवारचं टेबल हातातून जाईल म्हणून घाबरल्या होत्या.

मास्तरांचं कप्तानपद सहा महिन्यांसाठी काढलं. त्रेपन्नाव्या वर्षी ते उजवीकडच्या, को-पायलटच्या खुर्चीत बसले, ज्यांना त्यांनी शिकवलं होतं त्यांच्या हाताखाली. कोणी मुद्दाम अपमान केला नाही. उलट सगळे इतकं सांभाळून बोलायचे की तेच लागायचं. आता फाईलमधली पानं ते स्वतः बदलायचे, विमानतळावरच, उभ्या उभ्या. घरी पाकीट येऊ द्यायचे नाहीत. मी त्या सहा महिन्यांत त्यांच्या घरी एकदाच गेलो. काकूंनी चहा दिला, एका हाताने टेबलाची कड चाचपत. म्हणाल्या, "एकशे बारा माणसं होती ना रे?"

"हो काकू."

"लहान मुलं किती?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी खाली मान घालून चहा प्यायलो. त्या वेळी बोलायला हवं होतं. माझ्या नोकरीला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि मी कप ठेवून उठलो.

पुढच्या वर्षी कंपनीने कागद बंद करून टॅब आणायचं ठरवलं. काळ्या बॅगा जाणार, पाकिटं जाणार. विमानतळावर येऊन टॅब जोडला की सगळी पानं आपोआप बदलणार. मला यंत्रांची आवड, शिवाय बोलायला बरा, म्हणून शिकवणाऱ्यांत माझी निवड झाली. वरून सूचना आली की कागदाचा धोका लोकांच्या मनावर ठसवायला आपल्याच कंपनीचं उदाहरण घ्या. मी ते घेतलं. नाव न देता. पडद्यावर डोंगर, मनोरा, दोन आकडे, मधलं अंतर लाल रंगात. तिसऱ्या तुकडीत मास्तर समोर बसले होते, दुसऱ्या रांगेत, वही उघडून.

एका पोराने विचारलं, "पण दोघांच्या फायली असतात ना? को-पायलटचं पान काय सांगत होतं?"

"त्याने ते उघडलं नव्हतं," मी म्हणालो आणि पुढच्या चित्राकडे गेलो. मास्तर वहीत काहीतरी लिहीत राहिले.

टॅब त्यांना जमेना. बोट कुठे तरी लागायचं आणि पान उडून जायचं. परीक्षेत एकदा नापास झाले. मग मीच म्हणालो, घरी येऊन शिकवतो. टेबल तेच. मास्तर चष्मा कपाळावर चढवून टॅबला दटावत होते, "अगं थांब की बये!" काकू पलीकडे बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला दाखव."

मी टॅब त्यांच्यासमोर धरला आणि दोन बोटांनी पान मोठं केलं. आणखी मोठं. एकेक आकडा तळहाताएवढा झाला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मान थोडी तिरकी करून तो आकडा डोळ्याच्या उरलेल्या जागेत आणला.

"तो डोंगरातला काढ," त्या म्हणाल्या.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी ते पान काढलं. काकूंनी स्वतः बोट ठेवून आकडा वाचला. "तीन. दोन. चार. शून्य." मग बोट उचललं. "ही पानं कोण बदलतं?"

"आपोआप बदलतात, काकू."

"चुकलं तर?"

"तर सगळ्यांचं एकदम चुकेल," मास्तर म्हणाले. "एका माणसाच्या डोक्यावर नाही यायचं."

काकू हसल्या नाहीत. टॅब माझ्याकडे सरकवताना तो मेजाच्या कडेवरून पडणार होता, मी धरला.

सहा महिने सरल्यावर कप्तानपद परत मिळालं होतंच; आता मास्तर परीक्षाही पास झाले आणि वर्षभरात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. काकूंना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी झाली. उरलेली जागा आणखी आक्रसली. त्यानंतर तीन महिन्यांनी मी गेलो. त्या घटनेला तीन वर्षं होऊन गेली होती. माझं कप्तानपद मंजूर झाल्याचं पत्र आलं होतं आणि ते सांगायला जातोय अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मास्तर औषधांच्या दुकानात गेले होते. काकू खिडकीपाशी, तोंड भिंतीकडे. मी पत्राचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान झालं. जप. स्वतःची पानं स्वतः बघत जा." आणि मग सहज म्हणाल्या, "मी रोज मोजते. एक ओळ. एकच ओळ, आणि एकशे बारा."

तेव्हा मी बोललो. सगळं सांगितलं. न फोडलेली पाकिटं, विश्रांतिगृह, कचऱ्याचा डबा. सांगताना मला मोकळं वाटत होतं. वाटलं, त्यांच्या डोक्यावरचं अर्धं ओझं मी उचलतोय, त्यांना बरं वाटेल.

त्यांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही पाकीट फोडून तुमचं पान उघडलं असतं तर माझी चूक तिथेच सापडली असती."

अरे-तुरे गेलं होतं. "हो," मी म्हणालो.

"दोन फायली त्यासाठीच असतात. एक माणूस चुकणार हे धरूनच असतात." त्यांचा आवाज चढला नाही. "ह्यांना माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "त्यांनी मला पानं घालताना पाहिलं होतं," मी म्हणालो.

मास्तर औषध घेऊन आले. माझा चेहरा पाहताच त्यांनी पिशवी हळूच टेबलावर ठेवली.

"तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"पोराची नोकरी गेली असती," मास्तर म्हणाले. "आयुष्यातून उठला असता. माझं काय, मी होतोच शेवटाला."

"आणि मी?"

मास्तर खुर्चीत बसले. "तुझी चूक होती असं मी कधी म्हटलं का?"

"नाही म्हटलंत. पण माझी एकटीची नव्हती, हेही नाही म्हटलंत. एवढं एक वाक्य. रात्रंदिवस शेजारी होतात."

मी उठायला लागलो. काकू म्हणाल्या, "बसा. कागद आहे का? लिहा. कंपनीला."

मी तिथेच लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. 'त्या दिवशी आमच्याकडून पानं तपासायची राहून गेली,' इथवर आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"'आमच्याकडून' काढा. 'मी' लिहा. 'राहून गेली' काढा. काय केलंत ते लिहा."

मुद्रितं तपासणाऱ्या बाईने माझ्या एका पानाच्या पत्रात अशा सात दुरुस्त्या केल्या. मास्तर सबंध वेळ डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसले होते.

मी पत्र दिलं. माझं कप्तानपद रद्द झालं, शिकवण्याचं काम गेलं, आठ महिने उड्डाण बंद करून जमिनीवर बसवलं. मी आजही उजवीकडच्या खुर्चीत आहे. मास्तरांच्या जुन्या नोंदीला एक पुरवणी जोडली गेली आणि तिची प्रत त्यांच्या घरी गेली.

त्याच सुमारास काकू मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या. तिथे चांगला डॉक्टर आहे, असं मास्तर सगळ्यांना सांगत. डॉक्टर इथेही चांगला होता. त्यांनी मला एकदाच फोन केला. म्हणाले, "पुरवणी आली. तिला फोनवर वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली."

"काय म्हणाल्या?"

"'तारीख चुकलीय' म्हणाली. खरंच चुकली होती, एका दिवसाने." मग म्हणाले, "तिला आता उजेड-अंधार तेवढा कळतो."

मी विचारलं, त्या परत कधी येणार. ते म्हणाले, "मी विचारलेलं नाही." मग दार वाजलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.